आबांची मोटार आणि परत आलेली तिकिटं

तिकीट विकणाऱ्याकडे किस्से जमत नाहीत हो. तिकीट घेतलं की माणूस पळतो जागा धरायला! किस्से जमतात ते पैसे परत देणाऱ्याकडे. इंग्रजांच्या राज्यात जळगाव-चोपडा सर्व्हिस मोटारीच्या बुकिंगच्या खिडकीत मी बसायचो. मालक आबा. अख्ख्या स्टँडवर पैसे परत देणारी मोटार एकच, आमची!

*

सुरुवातीला आमच्याकडेही पाटी होती, ‘एकदा घेतलेले पैसे परत मिळणार नाहीत.’ एकदा इंजिन बिघडलं, फेरी रद्द झाली. चोपड्याच्या एक अक्का खिडकीशी आल्या. मी पाटीकडे बोट दाखवलं.

अक्का म्हणाल्या, “गाडी आठेच उभी शे, मंग मना पैसा कथा गया?”

मागे आबा उभे होते. खो खो हसले, आणि स्वतः स्टुलावर चढून पाटी काढली!

*

पावसाळ्यात तापीला पूर आला, की मोटार अलीकडच्या काठावरूनच माघारी फिरायची. अशीच एकदा सगळी मंडळी भिजून जळगावला परत आली. मुनीमजी म्हणाले, “आबा, अर्धा रस्ता तर नेलंच ना? अर्धंच भाडं परत द्या.”

आबा म्हणाले, “अर्ध्या रस्त्यात यांच्यापैकी कुणाचं घर आहे का?”

संपला विषय!

*

एक नाना होते, केळीचे बागाईतदार. मुलीच्या लग्नासाठी अख्खी मोटार ठरवलेली. ऐन वेळी वरपक्षाने जादा सोनं मागितलं, आणि मुलीनेच ठणकावून सांगितलं, “मला हे लग्न करायचं नाही.” नाना बुकिंग रद्द करायला आले. मान वर होईना. हलक्या आवाजात म्हणाले, “काही कापून घ्यायचं तर घ्या.”

आबांनी सगळे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. “नाना, मान खाली कशाला? मोटार रद्द झालीय, मुलगी नाही! अशी मुलगी माझ्या घरात असती तर मी स्टँडभर पेढे वाटले असते.”

नाना डोळे पुसत हसले.

*

आणि तो फौजदार! भरलेल्या मोटारीपुढे उभा राहिला. “कलेक्टरसाहेबांचा कॅम्प चोपड्याला आहे. त्यांच्या माणसांसाठी पुढच्या सगळ्या सीटा रिकाम्या करा. यांची तिकिटं रद्द!”

आबा शांतपणे म्हणाले, “ज्याला उतरायचं त्याला पैसे देतो. पण तिकीट त्यांचं आहे. रद्द करायचं तर त्यांनी. मी नाही, तुम्हीही नाही.”

एकही माणूस उतरला नाही. मोटार तशीच सुटली. माझी छाती फुगली होती!

व्हायचं तेच झालं. फौजदाराने आबांचं परमिट अडकवून ठेवलं. मोटार बंद. किती दिवस, कुणालाच माहीत नाही. आबा म्हणाले, “ज्यांनी आगाऊ तिकिटं काढलीत, त्यांचे पैसे देऊन टाक.”

सकाळी खिडकी उघडली तर ही भली मोठी रांग! मी नोटा, चिल्लर मांडून बसलो. पहिला शेतकरी आला. त्याच्या हातात तिकीट नव्हतं, पैसे होते.

“चोपड्याचं एक द्या.”

“भाऊ, मोटार बंद आहे. कोणत्या दिवसाचं देऊ?”

तो म्हणाला, “मोटार जवय सुटी, तवयनं!”