कोमट बॉनेट

त्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या बाजारात मासळी घेत होतो. "हे चिखलोलीला सापडलेत," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, चिखलोलीला कसे, दर रविवारी ते बारवी धरणाच्या रस्त्याला जातात ना? मासळी तिथेच टाकून मी तिकडे धावलो. नव्या इमारतींमागे गाडी कडेला उभी होती आणि भावोजी सीट मागे टाकून झोपल्यासारखे. वांगणीकडच्या वाडीवरून रानभाजी विकायला आलेली एक बाई जवळच बसली होती. तिने सांगितलं, माणूस हलत नव्हता, पण गाडी मधूनच आपोआप सुरू व्हायची, थोडा वेळ गुरगुरायची आणि पुन्हा गप्प व्हायची. म्हणून तिला आधी संशयच आला नाही. हायब्रिड गाडी ती. एसी चालू राहिला की बॅटरी उतरते, मग इंजिन स्वतःहून सुरू होऊन ती भरतं. आतला माणूस गेलाय, हे त्याला कोण सांगणार.

काशिनाथ भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बेलवलीचे आगरी. जन्मभर टेम्पो चालवला. चिखलोलीची भातशेती बिल्डरकडे गेली, त्यातून ही गाडी आली; पण हौस म्हणून नव्हे. ताईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला अंबरनाथला न्यावं लागायचं, आणि येताना तिला रिक्षाचे धक्के सोसायचे नाहीत. मूलबाळ नाही. नेणारा-आणणारा हा एकच माणूस. मी कितीदा म्हटलं, एखादी खेप मला द्या. "तुजी नोकरी हाय, तू ती सांबाल," असं म्हणून विषय तोडायचे. असला हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्यांदा ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी डब्यातलं तेल अंगठ्या-बोटात चोळून पाहिलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. "यो तेल हाय का पानी?" टेम्पोवाल्यांची रीतच तशी, तेल जाड तेवढं इंजिन सुखात. बायको बसणार त्या गाडीत असलं पातळ तेल घालायला त्यांचं मन धजेना. सरळ टेम्पोचं जाडं तेल ओतून मोकळे झाले. मग सकाळी इंजिन सुरू झालं की कुरकुरायला लागलं, पेट्रोलही जास्त पिऊ लागलं. शेवटी मीच त्यांना आमच्याकडच्या सिंधी ऑइलवाल्याकडे नेलं. तो हसला नाही, ही त्याची कृपा. म्हणाला, "साईं, हे इंजिन सारखं झोपतं, सारखं उठतं. उठल्या उठल्या तेल वर पोचायला पाहिजे. जाडं तेल उठेपर्यंत इंजिन घासलं जातं." त्यानेच दुसरी गोष्ट सांगितली. बेलवली ते अंबरनाथ म्हणजे जवळची फेरी, त्यातला अर्धा रस्ता बॅटरीवर. इंजिन नीट तापतच नाही, आतली वाफ तेलातच राहते आणि तेलाच्या टोपणाला आतून दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरतं. उपाय एकच, आठवड्यातून एकदा लांब फिरवून आणायची.

तेव्हापासून रविवारची बारवीची फेरी सुरू झाली. ताईला झेपायचं नाही, ते एकटेच जायचे. परत आले की चहा मागायचे आणि म्हणायचे, "इंजिन मस्त तापला." मला गंमत वाटायची. स्वतःच्या ब्लडप्रेशरची गोळी विसरणारा माणूस गाडीच्या तेलाला मात्र एवढं जपतोय.

तेरावं झालं आणि ताईला न्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी निघण्याआधी सवयीने बॉनेट उघडलं, तेलाचं टोपण फिरवलं. आतून पिवळट पांढरी साय, बोटभर जाड. अशी साय एका आठवड्यात धरत नाही. सबंध पावसाळा हा माणूस बारवीला गेलाच नव्हता. मग दाराच्या कप्प्यात हात घातला, तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी मिळाली, बरीचशी रिकामी... दर रविवारी घरातून निघायचे आणि आपल्या जुन्या शेताच्या जागी गाडी उभी करून छातीतली कळ जिरवत पडून राहायचे.

ताईला कसं सांगावं कळेना. टोपण हातातच होतं. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "मला म्हाईत होतं."

रविवारी भावोजी परत येऊन चहा पीत असताना ती वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून अंगणात यायची आणि बॉनेटवर हात ठेवायची. बारवीहून आलेल्या गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही, चटका बसतो. पावसाळ्यापासून ते नुसतं कोमट लागायचं, आणि रात्री भावोजी उठून छाती चोळत बसतात हेही तिने पाहिलं होतं.

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तं त्यांना आडमिट केलं असतं. मंग मना कोन नेला असता?"

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. मग भावोजींचा आला, कारण त्यांनीही याच एका भीतीपायी तोंड शिवून घेतलं होतं. एका घरात राहून दोघांनी एकमेकांपासून तीच गोष्ट लपवली. अरे, मी होतो ना. उल्हासनगर काय परदेशात आहे? एक फोन केला असता तर नोकरी गेली खड्ड्यात म्हणून धावत आलो असतो... पण हे सगळं आता ऐकायला ते नाहीत आणि ताईला ऐकवून काय मिळवायचंय? हे लिहू का, म्हणून तिला विचारलं. "लिही," म्हणाली, "पन त्यांना येडा नको ठरवू."

साय पुसून, तेल बदलून झालंय. त्याच दुकानातलं, पातळ. रविवारी आता ताईलाच बारवीच्या रस्त्याने फिरवून आणतो. उशी लावून बसते. घरी आलो की ती उतरते, गाडीला वळसा घालून पुढे येते आणि बॉनेटवर तळवा टेकवते. मी म्हणतो, ताई, भाजेल. ती हात काढत नाही.