आईच्या हातातला लामणदिवा

माझं लग्न तीन आठवड्यांत उरकलं, ते माझ्या आईला लामणदिवा हातात धरता यावा म्हणून. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी काही दूधखुळी नव्हते. आमच्याकडे नवरदेव मांडवाच्या दारात आला की नवरीची आई पेटता लामणदिवा घेऊन त्याला सामोरी जाते, आणि अक्षता पडेपर्यंत तोच दिवा धरून नवरीच्या मागं उभी राहते. अर्थात ती सवाष्ण असेल तर. नसेल तर तिनं आतल्या खोलीत बसायचं आणि दिवा चुलतीनं धरायचा. माझे वडील, आमचे दादा, तेव्हा पुण्यापलीकडच्या एका क्षयाच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी चुलत्यांना बाजूला घेऊन काय ते सांगून टाकलं होतं.

ही साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. पिंपरीत औषधाचा मोठा कारखाना नुकताच सुरू झाला होता. वडिलांची चौकशी करायला येणारा प्रत्येक जण हटकून म्हणायचा, "आता काय, औषध दारातच हुतंय की." वडिलांच्या दुखण्याचं औषध तिथं होत नव्हतं. आईनं पहिल्या दहा-बारा जणांना हे समजावलं, मग नाद सोडला आणि नुसतं "व्हय" म्हणायला लागली. मला आलेलं स्थळही त्याच कारखान्यातलं. मुलगा चाकणचा, नोकरीसाठी कासारवाडीला खोली घेऊन राहणारा. पगारी नोकरीचा मुलगा म्हणून त्याच्या दारात मुलींच्या बापांची रीघ लागली होती. आमच्यासाठी तो थांबून राहणार नव्हता.

दिवा आईच्या माहेरचा. हातभर साखळी, वर अडकवायला आकडा, आकड्याखाली एक पोपट, आणि खाली तेलाची वाटी. वर्षानुवर्षं फडताळात पडून तो काळाठिक्कर झाला होता आणि वाटीत तेलाचा चिकट राप बसला होता. लग्न ठरलं त्याच दुपारी आईनं तो खाली काढला.

पितळ घासावं तर तिनंच. आधी गरम पाण्यात राख कालवून तेलाचा राप काढायची. मग चिंचेचा कोळ, पण तो लावून लगेच धुवायचा. चिंच बसू दिली की पितळ तांबूस पडतं, मग कितीही घासा. त्यावर विटकरीची वस्त्रगाळ पूड कोरड्या फडक्यानं, आणि शेवटी उन्हात. ओल्या बोटानं कुणी धरायचं नाही, डाग पडतो. साखळीच्या कड्यांसाठी ती बाभळीच्या काडीला चिंधी गुंडाळायची आणि एकेक कडी आतून साफ करायची. हे एकदा केलं असतं तरी पुरे होतं. तिनं तीन आठवड्यांत चार वेळा केलं. दवाखान्यातून भेटून आली की पदर खोचून दिव्याला बसायची.

चौथ्या वेळी माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "आये, दिवा घासून दादा बरं हुनार हायेत का? तुला माझ्या लग्नाचं काय न्हाई, तुला मिरवायचं पडलंय."

मला वाटलं आता रपाटा बसणार. ती खाली मान घालून घासत राहिली. "व्हय, मिरवायचंच हाय. एकुलती एक लेक हायेस तू. मला एकदाच मिळायचं हाय," ती म्हणाली आणि साखळीचं टोक माझ्याकडे सरकवलं. "ह्या कड्या घास जरा." मी दोन कड्या घासल्या आणि साखळी तिच्या मांडीवर टाकून उठले. अशी मी. तिकडे बाप मरणाला टेकला होता आणि मला राग यायचा तो आईचा.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी हळद लावून बसले होते तेव्हा चुलते दवाखान्यातून आले. त्यांनी आईला गोठ्यामागं बोलावलं. तिथं ते दोघं थोडाच वेळ होते. चुलते घरात न येता उलट पावली निघून गेले. मला वाटलं, वडिलांजवळ कुणी नाही म्हणून गेले असतील. आई आत आली, तिनं तोंड धुतलं, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि दिव्याच्या वाटीत तेल ओतायला घेतलं.

"दादा कसं हायेत?" मी विचारलं.

"हायेत. गप बस, हळद पुसंल."

मांडवात तिचा हात जरासुद्धा हलला नाही. तेलाचा एक थेंब सांडला नाही. नवरदेवाच्या आत्या म्हणाल्या, "सोन्याचा हाय का काय!" आणि आई चक्क हसली. मी अंतरपाटाच्या अलीकडे मान खाली घालून उभी, मनात म्हणत होते, लग्न माझं आणि तोरा हिचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणला निरोप आला की वडील रात्री गेले. माहेरी पोचले तेव्हा आईचं कपाळ पांढरं होतं. मला तिच्या गळ्यात पडायचं होतं. मी म्हणाले, "तुझा दिवा तरी धरून झाला." ती मान हलवून "झाला" म्हणाली.

पुढच्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगा झाला. तो अंगावर पीत नव्हता, मग तापला आणि सातव्या दिवशी गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी भर दुपारी आई माझ्या बाजेशेजारी भिंतीला टेकून बसली.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तुझं दादा लग्नाच्या पहाटंच गेलं. भावजींनी मला गोठ्यामागं सांगितलं. सुतक पाळलं आसतं तर लगीन मोडलं आसतं, ती मानसं थांबत न्हवती. आन दिवा दुसरीच्या हातात दिला आसता तर समद्यांनी वळखलं आसतं. म्हनून मीच धरला. नवरा गेलेली बाई मी, तुझ्या पाठीशी दिवा धरून हुभी ऱ्हायले."

तिनं विचारलं, "पोरगं त्यापायी तर गेलं न्हाई ना गं?"

मी सातवीपर्यंत शिकलेली होते. आमच्या आळीत तान्ही मुलं न गेलेलं घर नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी तिच्याकडे पाहिलं, आणि पाहताना मला वाटलं की होय, त्यापायीच. एवढा एकच क्षण. माझ्यासाठी तिनं काय गिळलं, कसं गिळलं, हे त्या क्षणी माझ्या मनात आलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिला ते दिसलं.

"न्हाई गं आये, तसं काय नसतंय," मी म्हणाले. तोवर ती उठून चुलीकडे गेली होती.

दुसऱ्या खेपेला तिनं मला माहेरी येऊ दिलं नाही. मुलगी कासारवाडीच्या खोलीत झाली. बारशाला आई आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मी मुलगी पुढं केली, "घे की" म्हणाले. तिनं दोन्ही हात पदराआड घेतले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लांबनंच बघते."

आई गेली तेव्हा माझी मुलगी चालायला लागली होती. आईनं तिला एकदाही उचलून घेतलं नव्हतं.