हात वर, वहिनी!

लोक घरात शिरताना नमस्कार करतात. आमचे टायपिस्टभावजी उंबऱ्यातूनच ओरडायचे, "हात वर, वहिनी!" अगदी पोलिसासारखे! उभी हयात कोर्टात टायपिंग केलेलं, रिटायर झाल्यावर कॉम्प्युटरला भिडले. त्यांचं बघून, साठी उलटल्यावर मीही प्रोग्रॅम लिहायला शिकले. "अडलं की माणूस बटणं बडवतो. आधी हात काढा, मग बघा," हा त्यांचा पहिला धडा.

आता ऐका गंमत. आमच्या लालबागच्या चाळीतलं वाचनालय मोडून तिथे जिम काढायचं घाटत होतं. कमिटी म्हणाली, "पुस्तकं आहेत किती, यादी दाखवा. मग बघू." मीटिंग पाचला. मी सकाळपासून, परवाच लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅममध्ये नावं भरत बसलेले. प्रोग्रॅम लिहायचा जो एडिटर, त्याच्या पोटातच कमांड द्यायची काळी खिडकी असते ना, तिथे. सगळी भरली की कंट्रोल-डी दाबायचं, मग यादी फाइलमध्ये उतरते. साडेचारला दाबलं. काही नाही! पुन्हा दाबलं. ढिम्म! खिडकी बंद करावी, तर सकाळपासूनची नावं पाण्यात.

तेवढ्यात भावजी. "हात वर!"

माझ्या खिडकीला त्यांनी बोट लावलं नाही. एडिटरच्या बाहेर दुसरी काळी खिडकी उघडली, तिथे कंट्रोल-डी दाबलं. ती मुकाट मिटली.

"कीबोर्ड ठणठणीत आहे. वहिनी, खालून शेवटच्या खोलीला हाक मारली, की ओ कोण देतं?"

"पहिल्या खोलीतली भवानी! दुसरं कोण?"

"मग इथली पहिली खोली कुठली?"

एडिटर! मी परत दाबलं, आणि या वेळी नीट बघितलं. वर कोपऱ्यात 'सेव्ह झालं' चमकलं. अगं बाई! माझी अनामिका आखडते, एसवर जाईना, म्हणून महिन्यापूर्वी मीच एडिटरचं सेव्ह कंट्रोल-एसवरून कंट्रोल-डीवर नेलेलं. हाक एडिटरच खात होता, आत माझ्या प्रोग्रॅमला पोचणार कशी? सेटिंगमधली ती एक ओळ पुसली, बटण दाबलं, आणि यादी धबाधब उतरली! मी टाळ्या पिटल्या.

"नाचा नंतर. प्रिंट काढा आधी," भावजी म्हणाले. पण हसत होते.

वाचनालय राहिलं. भावजी गेल्या श्रावणात गेले.

काल शेजारची सुमन धावत आली, "काकी, कीबोर्ड मेला हो!" माझ्या तोंडून निघालं, "हात वर!" बिचारीने दचकून खरंच दोन्ही हात वर केले. मी इतकी हसले, की डोळे पुसावे लागले.