दूरच्या टोकाचा जोड

लिहायला बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि कोणी वाचावं असं माझ्याकडे काही असेल असं मलाही वाटत नाही. तरी एक गोष्ट आहे — आईला सांगितली नाही, रूमवरच्या पोरांना नाही. ज्याला सांगायला हवी होती, त्याला तर नाहीच.

धानोऱ्याकडच्या एका खेड्यातून मी चंद्रपूरला डिप्लोमाला आलो. वर्गात माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो इरफान, मूल गावच्या एका पिंजाऱ्याचा मुलगा. दोघांत मिळून आम्ही एकच ड्रॉइंग बोर्ड घेतला होता. त्याच्याबद्दल मला काही राग होता का? नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो.

उन्हाळ्यात आम्हा दोघांना एका ठेकेदाराकडे ट्रेनिंग मिळालं. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय कॉलेज डिप्लोमा देत नसे. काम होतं जमिनीखालच्या केबलमधला बिघाड शोधायचं. तारेभोवतीचं इन्सुलेशन कुठेतरी ओल लागून जळतं. वरून रस्ता होता तसाच दिसतो. मग केबल बंद करून दूरच्या टोकाला चांगली तार बिघडलेल्या तारेला जोडायची, आणि अलीकडच्या टोकाला ब्रिज नावाच्या पेटीवर काटा शून्यावर आणून अंतर काढायचं. दूरचा जोड मात्र पक्का हवा — टोकं घासून, जाड पट्टी बोल्टने आवळून. तो कच्चा राहिला की अंतर कमी निघतं, आणि खड्डा बिघाडाच्या अलीकडेच पडतो.

एका वस्तीची वीज गेली होती. इरफान पेटीवर, मी दूरच्या टोकाला, सबस्टेशनात. केबलमध्ये उरलेला चार्ज काढायला आमचे सुपरवायझर वासेकर साहेबांनी टोकाला अर्थिंगची काठी लावली, तशी मोठा आवाज होऊन ठिणगी उडाली. साहेब हसले, आता मेली म्हणाले, आणि पेटीकडे निघून गेले.

तार मेली होती. मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी हात पुढे जाईना. पान्हा हातात धरून तसाच उभा राहिलो — आणि शेवटी काय केलं? बारीक तारेचा एक तुकडा पक्कडीत धरून, लांबूनच, दोन्ही टोकांना गुंडाळला. मागे सरलो. सबस्टेशनच्या फोनवरून कळवलं, जोड झाला.

ठेकेदाराकडे रिवाज होता — ज्याचं रीडिंग, पहिली कुदळ त्याची. पेटीवर निघालेल्या अंतरावर, पिठाच्या एका गिरणीपुढे, मेच्या उन्हात, इरफानने कुदळ मारली. मग मजुरांबरोबर तोही खणत राहिला. दुपारी केबल लागली. धडधाकट.

मजूर त्या खड्ड्याला मियाँची विहीर म्हणू लागले. पाणी लागलं तर आवाज दे, म्हणाले. वस्तीतली माणसं जमली होती. त्यांच्यासमोरच साहेबांनी इरफानला सुनावलं, की ज्याला काटा वाचता येत नाही त्याने बापासोबत गाद्या भराव्या. इरफानने खड्ड्यातूनच माझ्याकडे पाहिलं.

"तिकडचा जोड पक्का होता न बे?"

"पक्का होता. बोल्ट आवळला होता मी."

"मंग माहीच चूक हाय."

एवढंच. मला विचारही करावा लागला नाही. तारेला मी भ्यालो होतो, हे खरं. पण खड्ड्याशी उभा असताना भीती नव्हती — प्रमाणपत्र कोणाचं जाईल याचा हिशेब होता, आणि तो मला चटकन जमला.

अजून एक सांगायचं राहिलं. साहेब म्हणाले, पुन्हा रीडिंग घेऊ, मी स्वतः घेतो. दूरच्या टोकाला मीच जातो म्हणालो. या वेळी कोणी पाहायच्या आत तो तुकडा काढून फेकला, टोकं घासली, पट्टी आवळली. साहेबांचं रीडिंग बरोबर निघालं; बरंच पुढे खणलं, तिथे जळलेली जागा सापडली. आता कोणाला शंका राहिली नाही. इरफानलाही नाही.

त्याला प्रमाणपत्र मिळालं नाही. पुढच्या वर्षी तो कॉलेजात दिसला नाही. मी डिप्लोमा पूर्ण केला, आता इथेच चंद्रपूरला डिग्रीला आहे. मार्क बरे पडतात. मूल इथून काही लांब नाही, एसटी जाते. मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात मूलचा एक मुलगा आमच्या मेसमध्ये जेवायला येऊ लागला. त्याच्याकडून कळलं, इरफान तिकडे मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळतो. राइस मिलवाले त्यालाच बोलावतात, हात चांगला आहे म्हणे. फक्त एक खोड आहे, तो मुलगा हसत म्हणाला. मोटार भरून झाली, मीटर लावला, की इरफान तोंड फिरवतो. जवळ जो कोणी असेल त्याला बोलावतो, मिलचा हमाल असला तरी, आणि म्हणतो, "भाऊ, तू पाह्य काटा कुठी हाय. मले वाचता येत नाई."