दाबलेली स्प्रिंग

प्रिती गमरेने पहिलं नाक फोडलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये ती इंजिनावर वाकलेली असताना एका पोराने मजा म्हणून वरून बॉनेट सोडून दिलं. डाव्या हाताची दोन बोटं चेंगरली. तिने ती ओढून काढली, वळली, आणि उजव्या हाताने अशी एक ठेवून दिली की त्याचा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत लाल झाला. प्रिन्सिपलनी तिच्या आईला बोलावून घेतलं. बकुळाबाई परळच्या एका हॉस्पिटलात आया होत्या, रक्त बघून बिचकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी आधी लेकीची बोटं तपासली, मग म्हणाल्या, "त्याच्या पण आईला बोलवा. दोघी मिळून ऐकतो."

आता प्रिती तेहतीस वर्षांची आहे. डिलाईल रोडच्या चाळीतून ती रोज चालत लोअर परळच्या एका गल्लीत जाते. तिथे काचेच्या टॉवरच्या पाठीला चिकटून पत्र्याची शेड आहे, ते कोंडीरामकाकांचं गॅरेज. इंजिन काका बघतात, गाडीच्या खालचं सगळं प्रिती. शर्यतीचा नाद असलेली पोरं तिच्याकडे कॉइलओव्हर बसवायला येतात. म्हणजे शॉकअब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीच स्प्रिंग, उंची आणि कडकपणा हवा तसा फिरवून घेता येणारी जोडी.

विनीत तसाच आला होता. गिरगावचा, बिल्डरचा मुलगा, पंचविशीचा. जुनी जर्मन गाडी, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी. रिकाम्या मैदानांवर ती आडवी घसरवण्यात, म्हणजे ड्रिफ्टमध्ये, त्याचं बऱ्यापैकी नाव झालं होतं. आता त्याला सर्किटवरच्या शर्यतीतही उतरायचं होतं. येतानाच तो डिकीत खोकं घेऊन आला.

"हा सेट दोन्हीला चालेल ना?"

प्रितीने खोकं उघडलं, एक शॉक हातात तोलला. "नाही चालणार. हा ड्रिफ्टचा आहे. तिथे वजन झटक्यात इकडून तिकडे जायला हवं, म्हणून कडक स्प्रिंग आणि कमी खेळ. मैदान सपाट असतं, म्हणून निभतं. रेसमध्ये बरोबर उलटं. टायरने जमीन सोडताच कामा नये. वळणाच्या कडेच्या पट्ट्यावर दीडशेने चढलास तर चाकाला खालीवर व्हायला जागा लागते. याच्यात ती नाही. चाक उडेल तुझं."

"मी व्हिडिओ बघून घेतलाय. गाडी काय दिसते यार खाली बसली की!"

"रेसला दुसरा घे. नाहीतर रेसला जाऊ नको."

तो हसला. प्रितीने जॉबकार्डावर लिहिलं, 'फक्त ड्रिफ्टसाठी, सर्किटवर वापरू नये', आणि त्याची सही घेऊनच गाडी जॅकवर चढवली.

तीन महिन्यांनी विनीत त्याच सेटवर शर्यतीत उतरला. चौथ्या फेरीत पुढचं चाक पट्ट्यावर आपटून उडालं. गाडी दोन कोलांट्या घेऊन दुसऱ्या गाडीवर पडली. विनीतचं गळ्याजवळचं हाड मोडलं, त्या दुसऱ्या ड्रायव्हरचे दोन्ही पाय गेले. चौकशी लागली तेव्हा विनीतने सांगितलं, गॅरेजने चुकीचं बसवून दिलं. मग त्याला आपली सही आठवली.

तो भर दुपारी आला, एक हात झोळीत, बरोबर बापाच्या साइटवरची दोन माणसं. प्रिती आणि काका नुकतेच डबा उघडून बसले होते.

"कार्ड दे."

"पोलीस मागतील तेव्हा पोलिसांना देईन."

दगडू नावाच्या आडदांड माणसाने डब्याला लाथ मारली. काका उठले, "अरे, जेवताना..." एवढंच म्हणाले, तोवर दुसऱ्याने त्यांच्या हातावर लोखंडी पाइप घातला. मनगट मोडल्याचा आवाज प्रितीला ऐकू आला. तिने हाताला लागला तो चाक खोलायचा पाना उचलला आणि त्या पाइपवाल्याच्या गुडघ्यावर हाणला. तो गुरासारखा ओरडत खाली बसला. तेवढ्यात दगडूने तिला मागून केसांना धरून भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. ती खाली पडल्यावर विनीत स्वतः पुढे आला आणि त्याने तिच्या बरगडीत बुटाची लाथ घातली.

"कुठे ठेवलंय बोल!"

दगडू हातोडा घेऊन खण फोडत सुटला. कोपऱ्यातल्या टेबलावर एका मोठ्या एसयूव्हीची स्प्रिंग शिकंज्यात दाबून ठेवलेली होती. जेवणाआधी प्रितीने तिचा वरचा नट काढला होता. अख्खी गाडी पेलणारी तिची ताकद आता फक्त त्या शिकंज्याने धरून ठेवली होती. दगडू तिकडे वळला.

"त्याला हात लावू नको!" प्रिती पडल्या जागेवरून किंचाळली. "नको! मागे हो!"

कार्ड तिथेच आहे, असं दगडूला वाटलं. त्याने टेबल स्वतःकडे ओढून पाहिलं, आणि ते हलेना म्हणून सगळी ताकद लावून शिकंज्यावर हातोडा घातला.

बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. स्प्रिंग त्याच्या तोंडावर लागून पत्र्याला भोक पाडून बाहेर गेली. दगडू उभाच होता. त्याचा खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता आणि रक्त छातीवरून पायांवर येत होतं. मग तो पडला.

विनीत पळाला. पाइपवाला लंगडत त्याच्या मागे गेला. दोघांनीही वळून पाहिलं नाही.

प्रिती भिंत धरून उठली. काकांचा हात टॉवेलात बांधला, दुसरा टॉवेल दगडूच्या हनुवटीखालून आवळून बांधला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन एका टॅक्सीच्या समोरच उभी राहिली. परळपर्यंत तो जबडा तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला. दगडू तिच्याकडे बघत होता, लहान मुलासारखा.

संध्याकाळी त्याच हॉस्पिटलच्या बाकावर बकुळाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण वॉर्डातल्या बायकांनी त्यांना फोन केला होता.

"आई, त्याचं तोंड फुटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं," प्रिती म्हणाली. "आतून. खरंच बरं वाटलं."

बकुळाबाईंनी तिच्या कानामागचं सुकलेलं रक्त पदराने पुसलं. "मग काय केलंस?"

"मग टॅक्सी थांबवली."

"बरं," बकुळाबाई म्हणाल्या, आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तेव्हा कुठे प्रिती रडली.

विनीतने तक्रार दिली की प्रितीनेच दगडूवर स्प्रिंग सोडली. पोलीस जबाब घ्यायला गेले तेव्हा दगडूचं तोंड तारांनी बांधलेलं होतं. त्याने कागद मागितला आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'बाई नको नको बोलत होती. मी ऐकलं नाही.' सहीचं कार्ड प्रितीने पोलिसांच्या हातात दिलं. विनीतला उचललं, तो जामिनावर सुटला. केस अजून चालू आहे.

काकांचं मनगट नीट वळत नाही, म्हणून आता इंजिनसुद्धा प्रितीच उघडते. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ती मान वळवून उजवा कान पुढे करते, आणि लोकांना वाटतं, बाई फारच लक्ष देऊन ऐकते.