गावावरून माणूस

माझा एक मित्र तळहात पालथा करायचा, पुन्हा उताणा करायचा आणि म्हणायचा, "उलटं करून बघा की राव!" मंचरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात तो प्रोग्रामिंग शिकवायचा आणि मी टायपिंग. त्याचं लाडकं काम म्हणजे यादीची उलटापालट. नावापुढे गाव असेल, तर गावापुढे नाव आणायचं. प्रोग्रामच्या एका ओळीत ते जमलं की वर्गात पहिली टाळी त्याचीच. असा उत्साही प्राणी तुम्हीही एखादा पाहिला असेल.

एका श्रावणात भीमाशंकरला हरवलेल्या माणसांसाठी आम्ही कॉम्प्युटर मांडून बसलो. कुणी आपलं माणूस शोधत आलं की त्या शोधणाऱ्याचंच नाव, गाव आणि तो कुठे थांबणार, एवढं लिहून घ्यायचं. भोंगा सकाळीच बंद पडला होता, त्यामुळे सगळी भिस्त त्या यादीवर.

संध्याकाळी एक आजी आल्या, एकट्याच.

"कुणासोबत आलात?"

"आमच्या ह्यांच्यासंगं."

"नाव काय त्यांचं?"

"अवो, धन्याचं नाव कसं घिऊ?"

गाव तेवढं सांगितलं, बोरी बुद्रुक. शेवटची एसटी सुटायला आली होती.

आमचा गडी खूश! "मग गावावरनंच काढतो. एक ओळ!" त्यानं यादी उलटली. बोरीपुढे एकच नाव आलं, किसन. तो तर पोरगं सापडल्यावर दुपारीच घरी गेला होता.

आजींचा चेहरा उतरला. "म्हंजी ह्यांनी मला शोधलंच न्हाई?"

 आमचा गडी खुर्चीवरून उडालाच. "लई मोठा गाढव हाय मी! एका गावाची दोन माणसं असली की नंतरचं नाव आदीच्याला पुसतंय. किसनच्या आदी कोण आलं आसंल तर गेलं की उडत!" स्वतःची चूक सापडल्याचाही त्याला केवढा आनंद! भराभरा बोटं चालवून त्यानं प्रत्येक गावाखाली सगळी नावं राहतील असं केलं.

"बोरी बुद्रुक. किसन... आन् सखाराम!"

आजींनी झटकन पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली.

"सकाळधरनं शोधत्यात तुमाला, आजी! एसटीपाशी थांबल्यात!" एवढं ओरडून तो धावत सुटला. आजींचा हात धरून मी मागे.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही. आठवतो तो एसटीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलेला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, एक म्हातारा दाराशी उभा आहे पण काही केल्या गाडीत चढत नाही, आणि हा धुक्यातून आमच्याकडे बघत ओरडतोय, "थांबा वो, आजी आल्या!"