फोटोत न मावणारी मोठी माय

आमच्या मोठ्या मायइतकी बारीक माणसांची काळजी वाहणारी बाई अख्ख्या मेहकर तालुक्यात दुसरी नसेल. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. राहते डोणगावला. स्वतः अंगानं भरपूर आहे. ती बसली की बाज आधी कुरकुरते, मग समजूतदारपणे गप्प होते. घरी आलेल्या माणसाचं मनगट ती चिमटीत धरून बघते आणि बोटं जुळली तर चहाऐवजी थेट ताटच वाढते. मतं मागायला आलेला एक उमेदवार असाच पिठलं-भाकरी जेवला आणि मत मागायचं विसरून गेला. टीव्हीवरची नायिका सासूच्या छळानं रडायला लागली की ही म्हणते, "रडीन नाही त का करीन? पोटात काही असन का तिच्या?" मेहकरच्या कापड दुकानातल्या पुतळीचं खपाटीला गेलेलं पोट पाहून तिनं मालकाला, जरा खात्यापित्या घरची पुतळी आण, असं बजावलं होतं. तिथंच माझ्या आग्रहानं तिनं एक कुर्ता घालून पाहिला. तो खांद्यावरच अडकला. काढून नीट घडी घालत ती शांतपणे म्हणाली की शिवणाऱ्यानं कापड चोरलंय. तिच्या लेखी चूक नेहमी कपड्याची असायची, अंगाची कधीच नाही. मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. बुलढाण्याच्या होस्टेलवर ओढणी कशी घेतली तर दंड झाकले जातील यावर आम्ही मुली तासन्‌तास बोलतो. अशा वेळी मला मोठी माय आठवायची आणि थोडा धीर यायचा.

म्हणूनच या उन्हाळ्यात तिच्या मुलीच्या, प्रीतीच्या लग्नाला गेले तेव्हा जे पाहिलं त्यानं मी हादरले. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिनं स्वतःच्या ताटात चतकोर भाकरी घेतली आणि वर लिंबूपाणी प्यायली. मला वाटलं उपास असेल. तर हळूच माझ्याजवळ सरकून विचारते, "काऊन वं, तुमच्या कालेजात शिकवत असतीन न, पोट किती दिवसांत जाते?" कशाला गं, मी विचारलं. तर तिनं मोबाईलवर साखरपुड्याचा व्हिडिओ लावून दाखवला. त्यात ती प्रीतीला ओवाळत होती. म्हणजे ताट दिसत होतं, बांगड्यांचा हात दिसत होता, ती नव्हती. काकू फ्रेममध्ये मावत नाहीत, असं फोटोग्राफर म्हणाला होता. प्रीती मैत्रिणींच्या घोळक्यात होती, तिनंही त्याला 'चालते' म्हणून टाकलं होतं. मोठी माय हे मला तक्रार म्हणून सांगत नव्हती. एखादं काम आपल्याच हातून बिघडावं, तसं सांगत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सवाष्णी हळकुंडं कांडत होत्या. मुसळाला हात लावायला मोठी माय वाकली आणि तशीच खाली बसली. डोळे पांढरे, अंग घामानं थबथबलेलं. आम्ही तिला आत नेलं आणि साडी सैल केली. आत पोट कमी करायचा पट्टा होता, मोबाईलवरची जाहिरात पाहून मागवलेला. साखरपुड्यापासून ती तो रात्रंदिवस बांधून होती. पलस्तर मधेच काढलं तर हाड वाकडं बसतं, तसं पट्टा सोडला तर पोट परत येईल, असा तिचा हिशेब. एरवी मी हसले असते. पण पट्ट्याच्या कडांखाली कातडी सोलली होती आणि काही ठिकाणी पाणी सुटलं होतं. प्रीती धावत आली नि पट्टा ओढू लागली, तर मोठ्या मायनं तिचा हात धरला.

"काढू नको, पोरी. उद्या फोटोत मावा लागते मले."

प्रीतीनं पट्टा काढला, खोबरेल आणलं आणि बराच वेळ जखमांना लावत राहिली. तिच्या हातांवरची ओली मेंदी पार विस्कटली.

दुसऱ्या दिवशी फोटोच्या वेळी मोठी माय आपणहून मांडवाच्या खांबाआड जाऊन उभी राहिली. प्रीतीनं तिला हाताला धरून शेजारी आणलं. फोटोग्राफर सवयीनं म्हणाला, काकू, थोडं तिकडं.

"मावत नसन त तुम्ही मांगं सरका, दादा," प्रीती म्हणाली. "माही माय हाय ते."

तो मागं सरकला. खुर्च्या हलवत पार मंडपाच्या कडेला गेला, आणि सगळे मावले.

फोटो छान आलाय असं सगळे म्हणतात. मलाही आवडतो. पण मी तेव्हा फोटोग्राफरच्या बाजूला उभी होते. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला तसा मोठ्या मायनं श्वास आत ओढून धरला. फोटो निघाला, लोक पांगले, तरी ती तशीच उभी होती. आता डोणगावला गेले की ती पोटभर जेवते, मलाही वाढते. मात्र कुणी साधा फोन लावायला मोबाईल वर केला तरी तिचं बोलणं मध्येच थांबतं. मोबाईल खाली जाईपर्यंत ती श्वास सोडत नाही.